एक कर्णा की दोन?

(द्वितीय वर्ष, कला)

गाणाऱ्याचा गळा एकच असतो. मग ते गाणे घरी ऐकवणाऱ्या पेटीत कर्णे किती असावेत? वरवर पाहता प्रश्न पोरकट वाटेल. पण जगभरची जाणती माणसे कित्येक दशके त्यावर भांडत आहेत आणि भांडण अजून मिटलेले नाही. एक पक्ष म्हणतो, एका पेटीत एकच स्पीकर हवा. आवाज एका जागेवरून आला तरच तो खरा वाटतो. दुसरा पक्ष म्हणतो, एकाच माणसाने नांगरही धरायचा आणि सुईत दोराही ओवायचा, हे जमायचे कसे? जाड आवाजाला मोठा वूफर आणि बारीक आवाजाला छोटा ट्वीटर, अशी कामाची वाटणी केलेलीच बरी.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भांडणात का पडावे, असे आमचे मराठीचे सर नक्की विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे रेशनकार्डावर नाव चुकलेले असो, मोबाइल बंद पडलेला असो की मिक्सरची वायर तुटलेली असो, “तू शिकतोस ना, मग बघ जरा” असे म्हणून ते काम माझ्यापुढे येते. तसेच हेही आले. आमचे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, भोर तालुक्यातल्या आमच्या गावी भजनी मंडळात पहिल्या आवाजात गात. १९९४ च्या कार्तिकी एकादशीला कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर त्यांचे भजन उतरवून घेतले होते. आबा गेले, मंडळ मोडले, पण ती कॅसेट राहिली. गेल्या दिवाळीत मी ती फोनमध्ये उतरवून घेतली. फोनच्या चिमुकल्या भोकातून आबांचा आवाज ऐकल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढेच म्हणाले, “आबा डबीत बसून गातायत जणू. जरा मोठ्या पेटीत बसव त्यांना.”

मोठी पेटी करायची ठरले, आणि मग एक कर्णा की दोन हा प्रश्न उभा राहिला.

आधी थोडा इतिहास. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याचा घाट १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील राइस आणि केलॉग या दोघांनी जगापुढे मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदी कोन. गाण्याबरहुकूम विजेचा प्रवाह बदलतो, वेटोळे मागेपुढे हलते, कोन हवेला ढकलतो आणि आपण ‘वा!’ म्हणतो. शंभर वर्षे झाली, पण मूळ घाट तोच आहे.

पुण्यात आकाशवाणीचे केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्याच वर्षी सवाई गंधर्व महोत्सवही सुरू झाला. ज्यांना मंडपात जाऊन ऐकता येत होते ते तिथे गेले. बाकीच्या पुण्याने गाणे ऐकले ते मुख्यतः घरच्या, शेजारच्या किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर. त्या घरगुती रेडिओत बहुधा एकच कोन असे. तेवढ्यात त्याचे भागतही असे, आणि त्याला कारण होते. मध्यम लहरींवरच्या दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचेच अंतर असते, त्यामुळे साध्या रेडिओतून साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही बाहेर पडत नाही. जे आलेच नाही ते ऐकवायला ट्वीटर कशाला? पुढे एफ.एम. आले, त्यात पंधरा हजारांपर्यंत जागा मिळाली. कॅसेट आली, सीडी आली. मग घरोघरी जाळीमागे दोन-दोन, तीन-तीन कर्णे दिसू लागले.

आता अडचण कुठे आहे ती पाहू. निरोगी तरुण कानाला सेकंदाला वीस ते वीस हजार कंपने ऐकू येतात असे पुस्तके सांगतात. वीस कंपनांच्या लाटेची हवेतली लांबी सुमारे १७ मीटर, तर वीस हजारांच्या लाटेची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा असतो. त्याची लाट पाच मीटर लांब, म्हणजे आमच्या अख्ख्या खोलीपेक्षा मोठी. टाळांच्या किणकिणाटातल्या वरच्या लाटा मात्र बोटाच्या पेराएवढ्या. खर्जाला पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून कोन मोठा हवा. किणकिणाटाला झरझर हलावे लागते, म्हणून तो लहान आणि हलका हवा. शिवाय लाटेची लांबी कोनाच्या व्यासाएवढी झाली की आवाज चहूकडे पसरण्याऐवजी टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जाऊ लागतो. आठ इंची कोनाच्या बाबतीत हे दोन हजार कंपनांच्या आसपासच घडते. म्हणजे पेटीसमोर बसलेल्याला टाळ ऐकू येतात आणि बाजूला चुलीपाशी बसलेलीला येत नाहीत.

यावर जुन्या कारागिरांनी एक युक्ती काढली होती. मोठ्या कोनाच्या मधोमध एक छोटा कडक कोन चिकटवायचा. खालच्या स्वरांना दोघे मिळून हलतात, वरच्या स्वरांना छोटाच बोलतो. फिलिप्सचा ९७१० हा आठ इंची स्पीकर असाच दुहेरी कोनाचा होता आणि एक-कर्णा पक्षाचे लोक अजूनही त्याचे नाव आदराने घेतात. इंग्लंडमध्ये लाउदर आणि जपानमध्ये फोस्टेक्स यांनीही हीच वाट धरली.

दुसऱ्या पक्षाचेही मोठे दाखले आहेत. १९७० च्या दशकात बी.बी.सी.ने आपल्या फिरत्या प्रक्षेपण-गाड्यांत ठेवण्यासाठी एक छोटी पेटी तयार केली. तिच्यात पाच इंची वूफर आणि पाऊण इंची ट्वीटर असे दोनच कर्णे होते. निवेदकाचा आवाज जसाच्या तसा ऐकवण्याबद्दल ती आजही वाखाणली जाते. पण त्या पेटीत आवाजाची वाटणी करणारे जे सर्किट होते, ते मोठ्या मेहनतीने जुळवलेले होते. आपल्या बाजारातल्या साध्या पेटीत वाटणी करायला बहुधा एकच कंडेन्सर असतो. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की सुमारे ४२०० कंपनांपासून वरचे त्याच्याकडे जाते. मात्र ही वाटणी भिंतीसारखी नसते, उतारासारखी असते. त्याच्या निम्म्या, म्हणजे २१०० कंपनांवरसुद्धा एक पंचमांश शक्ती ट्वीटरकडे झिरपतेच. स्वस्त ट्वीटरला ती सोसत नाही आणि तो किंचाळतो. त्यात गंमत अशी की, दोन ते पाच हजार या पट्ट्यात माणसाचा कान सर्वांत तिखट असतो, आणि नेमका तिथेच दोन कर्ण्यांचा सांधा येतो. सदऱ्याला ठिगळ लावायचे ते बरोबर छातीवर, असा तो प्रकार.

पुस्तकी ज्ञान एवढे झाल्यावर मी प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. भवानी पेठेत राहण्याचा एक फायदा असा की टिंबर मार्केट हाकेच्या अंतरावर आहे. तिथून प्लायवूडचे तुकडे आणले. जुन्या बाजारातून एका मोडक्या रेडिओचा आठ इंची स्पीकर दोनशे रुपयांना मिळाला. कागद जुना, पण धड होता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सहा इंची वूफर, एक ट्वीटर आणि कंडेन्सर असे मिळून सातशे रुपयांत आणले. गल्लीतल्या सुतारकाकांनी दोन पेट्या ठोकून दिल्या आणि मजुरी म्हणून माझ्याकडून त्यांच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घेतला. एका कर्ण्याची पेटी जुन्या रेडिओसारखी मागून उघडी ठेवली, दोन कर्ण्यांची बंद केली. विज्ञान शाखेच्या एका सरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, दोन्ही पेट्यांचा आवाज मोजून सारखा करायचा, कारण जी पेटी मोठ्याने वाजते तीच माणसाला चांगली वाटते. दुसरी, ऐकणाऱ्याला कोणती पेटी वाजते आहे ते दिसू द्यायचे नाही. म्हणून दोन्हींवर आईची जुनी साडी टाकली.

एका रविवारी परीक्षा झाली. परीक्षक तिघे : अण्णा, आई आणि आठवीतली धाकटी बहीण. अण्णा नेहमीप्रमाणे पलंगावर, अगदी समोर. आई आतल्या दारात भाजी निवडत. बहीण दोघांच्या मध्ये.

आईने दोन कर्ण्यांची पेटी निवडली. “हिच्यात टाळ वाजतायत. तिच्यात नुसतेच आपटतायत,” ती म्हणाली. झोत आणि पसारा यांबद्दल मी चार दिवस पुस्तकात जे वाचले होते, ते तिने एका वाक्यात सांगून टाकले. बहिणीलाही तीच पेटी आवडली. फक्त कॅसेटची सुरसुर तिच्यात जास्त येते, अशी तिची तक्रार होती आणि ती खरी होती. अण्णांनी मात्र न डगमगता एका कर्ण्याची पेटी निवडली. “हिच्यात आबा समोर बसल्यात,” ते म्हणाले. “त्या दुसऱ्या पेटीत आबा मागं सरकल्यात.”

यालाही शास्त्रात आधार आहे. जुन्या रेडिओचा कागदी कोन हलका असतो आणि हजार ते तीन हजार या पट्ट्यात तो जरा पुढे सरसावून बोलतो. शब्द उमटतात ते मुख्यतः तिथे. खर्जाची वाण त्याला असते. पण तीही आपला मेंदू भरून काढतो. ६९ चा मूळ स्वर पेटीतून आलाच नाही, तरी त्याच्या दुपटी-तिपटीचे वरचे स्वर आले की कान मूळ स्वर मनातल्या मनात लावून घेतो. तंबोऱ्याला तर वरच्या स्वरांची श्रीमंती जवारीमुळेच लाभलेली असते, सर सी. व्ही. रामन यांनी त्यावर १९२१ साली निबंध लिहिला होता. तेव्हा अण्णांची निवड अडाणी मुळीच नव्हती.

मग मी आणखी एक प्रयोग केला. दोन कर्ण्यांच्या पेटीवर भजन चालू असताना साडीखाली हात घालून ट्वीटरची वायर काढली. आतून आई लगेच म्हणाली, “टाळ कुठं गेलं रे?” बहिणीने वर पाहिले. अण्णा मात्र डोळे मिटून मांडीवर ठेका धरून होते. त्यांचा ठेका चुकला नाही आणि चेहराही बदलला नाही. मी वायर जोडली, काढली, पुन्हा जोडली. अण्णांना त्यातले काहीच कळले नाही. मग मी आईकडे पाहिले. ती भाजी निवडतानाच हळू म्हणाली, “म्हणून तर मी ह्यांच्याशी नेहमी समोर येऊन बोलते.”

अण्णा चोवीस वर्षे भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये आहेत. पत्र्याचे तुकडे डायमध्ये दाबून सुटे भाग काढायचे. दर ठोक्याला छातीत धक्का बसेल असा आवाज. पुढच्या आठवड्यात त्यांना हट्टाने सरकारी रुग्णालयात नेऊन कान तपासून घेतले. आलेखावरची रेघ हजार कंपनांपर्यंत ठीकठाक चालते, मग उतरू लागते आणि चार हजारांपाशी विहिरीत उडी घेतल्यासारखी खाली जाते. आठ हजारांपाशी थोडी वर येते. कारखान्याच्या आवाजाने कान गेला की चार हजारांपाशीच अशी विहीर पडते, असे डॉक्टरांनी सांगितले. हे काही गुपित नाही. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि कायद्यातल्या नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत या बहिरेपणाचे नाव आहे. कायद्यात नाव आहे, पण अण्णांच्या कानात मात्र इतक्या वर्षांत कोणी डोकावून पाहिले नव्हते.

माझ्या ट्वीटरचा कंडेन्सर ४२०० ला बोलू लागतो आणि अण्णांचे कान चार हजारांपाशी मिटू लागतात. हा योगायोग मी अनेकदा कागदावर मांडून पाहिला. ज्या भागाला मी पेटीचा दागिना समजत होतो, तो त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ‘स’ त्या विहिरीत पडतो, टाळ पडतात, कुकरची शिट्टी पडते, आणि बहिणीच्या बारीक आवाजातली निम्मी अक्षरे पडतात.

गेलेले परत येत नाही. कानाच्या आतले केसासारखे बारीक पेशी-तंतू एकदा मेले की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पण राहिलेले राखता येते. डॉक्टरांनी कानात बोळे घालायला सांगितले तेव्हा अण्णा हसले. “बोळे घातले तर डाय नीट बसली का नाही ते कळायचं कसं? आम्ही ते आवाजावर वळखतो. हात जायचा एखाद्या दिवशी.” या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पोटासाठी जे कान झिजले, त्यांच्याच भरवशावर हात शाबूत होते.

घरी आल्यावर मी फोनवर त्या भजनातले चार हजारांच्या वरचे सगळे कापून एक प्रत तयार केली आणि आईला व बहिणीला ऐकवली. कानावर गोधडी घेतल्यासारखे ऐकू येते. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती अण्णांपुढे जाऊन, तोंड दिसेल अशी उभी राहून बोलते. अण्णांनी आलेखाचा कागद मागून घेतला आणि बोट ठेवून विचारले, “ही विहीर वाढती का?” वाढते, मी म्हणालो. आवाज तसाच राहिला तर ती रुंदावते. तीन हजारांवर येते, मग दोन हजारांवर. “आणि आबांचा आवाज कुठं हाय ह्याच्यात?” मी दाखवले. स्वर बराच खाली, शब्द साधारण तीन हजारांच्या आत. ते कागदाकडे बघत राहिले, मग घडी करून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

आता ते कानांवर झाकणे घालतात. रोज नाही, सहा दिवसांतले चार दिवस. डाय बसवताना काढतात, माल सुरू झाला की लावतात. साहेबांपाशी तपासणीचा विषय काढायला अजून त्यांचा धीर होत नाही. अर्ज मी लिहून ठेवला आहे, मराठीत, अर्ध्या पानाचा. निवृत्तीला नऊ वर्षे आहेत. त्या नऊ वर्षांत विहीर किती रुंदावते, ते त्या अर्ध्या पानावर पुष्कळसे अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्नाचा निकाल. वाचकांपैकी कोणाला घरासाठी पेटी करायची असेल तर माझे मत असे : खोली लहान असेल, ऐकणारा समोर बसणार असेल, आणि ऐकायचे ते मुख्यतः बोलणे, भजन, जुनी गाणी असे असेल, तर एक चांगला रुंद आवाजाचा स्पीकर मागून उघड्या पेटीत बसवावा. खर्च कमी, सांधा नाही, आणि गळा एका जागी राहतो. घरातली माणसे कामे करता करता इकडेतिकडे बसून ऐकणार असतील, सतार, टाळ, झांजा यांची हौस असेल, तर दोन कर्ण्यांची पेटी घ्यावी; पण स्वस्तातल्या तीन कर्ण्यांच्या नादी लागू नये, आणि ट्वीटर व कंडेन्सर यांवर चार पैसे जास्त खर्चावेत. डग्ग्याचा घुमारा हवा असेल, तर मोठ्या पेटीशिवाय दोन्ही पक्षांना गत्यंतर नाही.

हे झाले पेट्यांविषयी. पण त्याआधी घरातले कान एकदा तपासून घ्यावेत. त्याला साधने लागत नाहीत. पाठमोरे बसलेल्या माणसाला हळू आवाजात ‘साल’ आणि ‘ताल’ असे शब्द आलटून पालटून म्हणून पाहावेत, आणि ओळखण्यात चूक पडू लागली तर सरकारी रुग्णालयाची वाट धरावी. आपल्यापैकी अनेकांचे वडील पिंपरीला, भोसरीला, हडपसरला यंत्रांपाशी उभे आहेत, आणि आपण कानांत इअरफोन घालून पी.एम.टी.ची जागा घेतलेल्या पी.एम.पी.एम.एल.च्या बसच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत कॉलेजला येतो आहोत. आमच्या अर्जाला उत्तर आले, तर ते पुढच्या अंकात कळवीन.